हरवलेला लाल तळहात

१

‘दुसऱ्याच्या ‘नको’ला मान देणे ही मानवी संस्कृतीची पहिली पायरी होय.’

खारघरच्या ‘उमेद वर्तनोपचार केंद्रा’त शिरलं की समोरच्या भिंतीवर हे वाक्य सोनेरी अक्षरांत दिसतं. त्याच्याखाली, जरा बारीक पण जास्त ठाम अक्षरांत लिहिलंय : ‘चपला बाहेर काढाव्यात. हरवल्यास संस्था जबाबदार नाही.’

चपला तिथे कधीच हरवल्या नाहीत. हरवलं ते वरच्या वाक्यातलं ‘नको’.

इथे येणारी बहुतेक मुलं स्वमग्न. काही थोडं बोलतात, काही अजिबात नाही. शर्टाचं बटण लावणं, तहान लागली तर सांगणं, अशा गोष्टी त्यांना इथे चिमूट चिमूट शिकवतात. न बोलणाऱ्या मुलाच्या टेबलावर एक लांब पट्टी असते आणि तिच्यावर चित्रांची कार्डं चिकटवलेली असतात : पाण्याचा पेला, केळं, झोका, संडासाचं दार. जे हवं ते कार्ड मुलानं ओढून काढायचं आणि समोरच्या ताईच्या हातात द्यायचं. ओढताना ‘चर्र’ असा आवाज होतो. सँडलच्या पट्ट्याला असते तसली चिकटपट्टी. पट्टीला मऊ लव, कार्डाच्या पाठीला लवेत अडकणारे बारीक आकडे.

या पट्टीच्या बरोबर मध्ये, कुठल्याही हाताला सापडेल असं, लाल तळहाताचं कार्ड असतं. त्याचा अर्थ, थांब. ते हातात पडलं की मोठ्या माणसानं जे चाललंय ते सोडायचं. का, ते विचारायचं नाही.

सात वर्षांच्या मनस्वीचं लाल कार्ड काल तिसऱ्यांदा नाहीसं झालं आणि तिनं स्वतःच्या मनगटाचा चावा घेऊन रक्त काढलं.

आज सुतार आला. कोपऱ्यातल्या अडगळीच्या खोलीला आता ‘शांत कक्ष’ म्हणायचं ठरलं होतं. मूल अनावर झालं की त्याला तिथे ठेवायचं. भिंतींना गाद्या लावून झाल्या होत्या, खिडकी बंद करून झाली होती. राहिली होती फक्त दाराची कडी.

“मॅडम, आतून लावू का बाहेरून?” सुतारानं विचारलं.

“बाहेरून,” संचालिका मॅडम म्हणाल्या.

२

शहाजीराव निकम हे केंद्राच्या नीतिसमितीचे बाहेरचे सभासद. समितीत एक तरी माणूस बाहेरचा हवा असा नियम होता आणि शहाजीराव समोरच्याच टॉवरमध्ये राहत असल्यामुळे इतका जवळचा बाहेरचा माणूस दुसरा मिळण्यासारखा नव्हता. मूळचे साताऱ्याकडचे. सरकारी वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. उभी नोकरी व्यापाऱ्यांचे तराजू उलटे करून बघण्यात गेलेली. वर्तनोपचारातलं आपल्याला काही कळत नाही असं ते उघड सांगत. समितीत असं सांगणारे ते एकटेच असल्यामुळे त्यांना मान होता.

सभा संध्याकाळी होती. विषय एकच : मनस्वीला शांत कक्षात ठेवण्यास मान्यता देणे. घरी झुरळांचं औषध मारायला माणसं आली होती, म्हणून शहाजीराव दुपारीच येऊन बसले. सत्याच्या शोधात निघालेल्या माणसाची सुरुवात बऱ्याचदा अशीच होते.

पॅसेजमधल्या बाकावर मनस्वीची आजी, सगुणाबाई, बसल्या होत्या. पालकांना या बाकापर्यंतच येता येतं, पुढे नाही. खाडीकाठच्या गावातली बाई; नाकात मोठी नथ, मांडीवर नातीचं दप्तर.

“तुमी सही करनारं काय ओ?” त्यांनी विचारलं.

“सही करायची का नाही, ते ठरवायला आलोय, मावशी.”

“ठरवाला? आनि तो सुतार काय सनाचं तोरन लावतंय?”

शहाजीरावांनी कोपऱ्याकडे पाहिलं. तिकडे ड्रिल मशिनचा आवाज दाराच्या लाकडात शिरत होता.

“आमची पोर चावरी नाय,” सगुणाबाई म्हणाल्या. “तिचा तो लाल हात हाय ना, तो पट्टीवर असला का गुमान बसते. नसला का मंग चावते. कोन नेतंय, मना नाय ठाव. माझा पोऱ्या, कुंदन, तिचा बापूस, सांजचे येल उरनवरना. कंटेनरच्या यार्डात कामाला हाय तो. मॅडमनी सांगितलंय त्याला, सही कर, नायतर पोर स्वतःला फारून खाईल. पोरीचं मनगट बगितल्यापासना जेवला नाय तो. करील सही. तुमी नका करू.”

“बघतो की.”

“बगा. नुसतं कागदाला नका बगू.”

शहाजीराव उठले. तेव्हा त्यांना जाणवलं की ड्रिल मशिन थांबलं तर या मजल्यावर दुसरा कसलाही आवाज नाही. वर्षापूर्वी ते पहिल्यांदा आले तेव्हा इथे रडणं, हसणं, डबे आपटणं, सगळं एकदम कानावर आलं होतं. आता दारं बंद होती, एसी गुरगुरत होता आणि आत पोरं आहेत का नाहीत, ते दाराला कान लावूनही कळलं नसतं.

छान शिस्त लागलीय, असं त्यांच्या मनात आलं. आणि पुढच्याच क्षणी, कुणी मानेवर बर्फ ठेवावा तसं झालं.

३

मनस्वीच्या खोलीत तिची ताई, सोनम, तिला मणी ओवायला देत होती. सोनम पोरसवदा; अंगात प्लॅस्टिकचा एप्रन, दंडावर पट्टी. मागच्या आठवड्यात कार्ड दुसऱ्यांदा गेलं तेव्हा मनस्वी तिला चावली होती. त्यानंतर ती रजेवर होती, आजच परतली होती.

“सर, सगळे मलाच बोलतायत,” ती म्हणाली. “राजेश्वरी मॅडम म्हणतात, कार्ड बनवलंच नसशील. मी दर वेळी नवीन बनवलं. रजेवर जाताना पण लावून गेले. काल क्षिप्रा मॅडमनी स्वतः हिचं सेशन घेतलं, तर म्हणे कार्ड नव्हतंच.”

“त्यांच्या लक्षात नाही आलं, एक कमी आहे ते?”

“पट्टी बघून नाही ना कळत.”

“आणि दर वेळी नवं कार्ड केलंस, त्याचं कुणी काही बोललं?”

सोनम जरा हसली. “माझा तारा जातो ना.”

बाहेर भिंतीवर एक तक्ता होता. प्रत्येक मुलानं आठवड्यात किती वेळा ‘थांब’ दिलं, ते त्यावर लिहीत. आकडा घटला तर ताईच्या नावापुढे सोनेरी तारा. ‘थांब’ घटलं म्हणजे मूल आनंदात आहे, असा हिशेब. नीतिसमितीच्या पहिल्याच सभेत हा ठराव एकमतानं झाला होता. शहाजीरावांनीही हात वर केला होता. त्या हातात सामोसा होता, पण मत मोजलं गेलं. आज तक्ता ताऱ्यांनी भरला होता. फक्त मनस्वीच्या ओळीत अंधार.

“आजचं कार्ड तरी आहे ना?”

“हो, सकाळी आल्याआल्या लावलं. हे काय, बघा—”

तिचं बोट पट्टीवर येऊन थांबलं. पाणी, केळं, झोका, दार. चारही कार्डं सारख्या अंतरावर, फूटपट्टीनं मोजून लावावीत तशी. मधे कुठेही रिकामी जागा नाही. लाल तळहात नाही.

सोनम वाकून टेबलाखाली शोधू लागली. मनस्वीनं मणी खाली ठेवले आणि मनगट तोंडाजवळ नेलं.

“पुरे, पुरे. मण्यांचं पुरे,” शहाजीराव घाईनं म्हणाले आणि ताट बाजूला केलं. मनगट तसंच हवेत राहिलं. मग सावकाश खाली आलं.

दारातून आवाज आला, “शहाजीराव, सेशन चालू असताना असं मधे नाही थांबवायचं.”

संचालिका क्षिप्रा मॅडम. हुशार, घाईत, सोनेरी वाक्य यांचंच. त्यांनी पट्टीकडे पाहिलं आणि खांदे उडवले. “परत? बघा, यात रहस्य काही नाही. या मुलांना ओळी लावायला आवडतात. तीच कार्ड काढून कुठेतरी टाकत असणार आणि मग फट दिसू नये म्हणून बाकीची सरकवून ठेवत असणार.”

“असणार, का बघितलंय?”

“अनुभव आहे.”

शहाजीरावांनी हात पुढे केला, केळ्याचं कार्ड चर्रकन ओढलं आणि पाठीमागे लपवलं. मनस्वीनं पट्टीकडे पाहिलं. बाकीच्या कार्डांना तिनं हात लावला नाही. रिकाम्या जागेवर एक बोट ठेवलं आणि टकटक केलं. शहाजीरावांकडे पाहिलं. परत टकटक.

त्यांनी कार्ड जागेवर लावलं. मनस्वीनं ते तत्काळ काढून त्यांच्या हातात दिलं. शहाजीरावांकडे केळं नव्हतं. दोघांनीही ही अडचण समजून घेतली.

“मॅडम,” शहाजीराव म्हणाले, “ज्याची वस्तू गेली ते माणूस जागा राखून ठेवतं. फट बुजवतो तो दुसराच. कुणाच्या ध्यानात येऊ नये असं वाटणारा.”

“म्हणजे मोठं माणूस?” सोनम म्हणाली.

“मोठं, नीटनेटकं आणि या खोलीत येणारं.” त्यांनी मॅडमकडे पाहिलं. “दुसऱ्यांदा कार्ड गेलं तेव्हा तुम्ही कुठं होता?”

“मी? पुण्यात, परिषदेला. ‘मुलांची संमती’ या विषयावर बोलायला.” मॅडमचा आवाज जरा खाली आला. “शहाजीराव, तुम्ही माझी चौकशी करताय?”

तेवढ्यात मनस्वी खुर्चीवरून उठली. दारात आणखी कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं आणि मनस्वी त्या व्यक्तीकडे सरळ, नजर न हलवता, चालत निघाली होती.

४

राजेश्वरी मॅडम या केंद्राच्या नीती अधिकारी. अशी जागा भरणारं आसपास आपलं पहिलंच केंद्र, असं माहितीपत्रकात छापलं होतं. गारव्यात मुलं शांत राहतात असं त्यांचं मत असल्यामुळे एसी नेहमी थंडगार आणि त्यामुळे त्यांच्या अंगात बारा महिने करडा लोकरी स्वेटर. स्वेटर स्वच्छ, घड्या पडलेला. फक्त उजव्या खिशावर लोकर उसवून वर आली होती, रोज एखाद्या मांजरानं तिथे नखं घासावीत तशी.

मनस्वी त्यांच्यापाशी गेली आणि तिनं त्या खिशावर तळहात ठेवला.

“नाही, बाळा,” राजेश्वरी मॅडम गोड हसून म्हणाल्या आणि एक पाऊल मागे सरल्या.

“हे नवीन सुरू झालंय,” क्षिप्रा मॅडमनी खुलासा केला. “लोकरीचं वेड. ते कमी करायचं ध्येय घेतलंय आम्ही पुढच्या महिन्यात.”

सोनमनं मनस्वीला परत आणलं. शहाजीराव राजेश्वरी मॅडमना घेऊन बाहेर आले. वाटेत मॅडमनी भिंतीवरची तिरकी चौकट सरळ केली, दारापाशी विखुरलेल्या चपलांची रांग लावली आणि बोलता बोलता शहाजीरावांची दुमडलेली कॉलरही नीट केली.

“तुमचा कुणावर संशय?” शहाजीरावांनी विचारलं.

“संशय घेणं नीतीत बसत नाही,” राजेश्वरी मॅडम म्हणाल्या. “पण सोनम.”

“काल ती रजेवर होती की.”

“मग मनस्वी स्वतःच. साहेब, पुढच्या आठवड्यात मान्यतेसाठी परीक्षक येतायत. एका मुलीपायी सगळ्या मजल्याचं नाव जायला नको. शांत कक्ष तिच्याच भल्याचा आहे. त्यात एक सुविचारही लावणार आहोत.”

“सकाळी मुलं यायच्या आधी सगळ्या खोल्या कोण बघतं?”

“मीच. रोज. प्रत्येक खोलीची नीतिफेरी असते. पडदे, खेळण्यांच्या कडा, टेबलांची मांडणी. मी एकाही मुलाला कधी हात लावलेला नाही, आवाज चढवलेला नाही. विचारा कुणालाही.”

हे शंभर टक्के खरं होतं आणि तीच त्यातली वाईट गोष्ट होती.

रिसेप्शनमध्ये रावसाहेब येऊन बसले होते. मजला त्यांच्या मालकीचा, म्हणून ते विश्वस्त. वजनदार माणूस, सभांना येतो, मान हलवतो, जातो.

“रावसाहेब, तुम्ही आतल्या खोल्यांत जाता का कधी?”

“आपण नाय जात,” रावसाहेब घाबरून म्हणाले. “एकदा गेलो होतो. एका पोरानं माझ्या टकलावर तबला वाजवला. चांगला वाजवला, पण आपण परत नाय गेलो. काय टेन्शन झालंय का?”

“झालंय.”

“मग चहा सांगू?”

शहाजीरावांचं लक्ष तक्त्याकडे गेलं होतं. तारे, तारे, तारे. इतके तारे कधीपासून? तराजू तपासायला गेलं की ज्या दुकानात गिऱ्हाइकांची भांडणं चालत तिथे ते शेवटी जात. जिथे कुणीच तक्रार करत नाही, तिथला काटा आधी उलटा करायचा, हा नोकरीतला धडा. आणि आज सबंध दुपार ते, जिथून आवाज येतो, त्या एकाच खोलीत बसून राहिले होते.

त्यांनी शेजारच्या खोलीचं दार ढकललं.

५

खोलीत आठेक वर्षांचा मुलगा पेल्यावर पेला रचत होता. पाठ ताठ, पाय जुळवलेले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रडण्याचा आवाज नव्हता, तोंड वाकडं झालेलं नव्हतं; नळ नीट बंद न केल्यासारखं नुसतं पाणी येत होतं. तो पेले रचतच होता.

“शाब्बास! किती छान बसलाय,” त्याची ताई म्हणाली आणि टाळी वाजवली.

शहाजीरावांनी पट्टी पाहिली. पाणी, बिस्कीट, चेंडू, दार. सारख्या अंतरावर. फट नाही.

त्याच्या पुढच्या खोलीत एक लहान मुलगी. तिच्या पट्टीवर चार कार्डं. सारख्या अंतरावर.

त्याच्या पुढची खोली. तेच.

शेवटच्या खोलीतल्या मुलानं त्यांच्याकडे पाहिलं, मग पट्टीच्या मध्यावर बोट नेलं. तिथे कुठलंच कार्ड नव्हतं. त्यानं बोटानं टकटक केलं नाही. फक्त क्षणभर तिथे बोट ठेवलं आणि परत मुकाट्यानं हातातल्या कामाला लागला. हे त्यानं आधी पुष्कळदा करून पाहिलेलं असावं आणि त्यातून काही निघत नाही, हे त्याला कळलेलं असावं.

“ताई, याचं लाल कार्ड कुठंय?” शहाजीरावांनी विचारलं.

ताई गोंधळली. “ते... याला लागत नाही हल्ली.”

“लागत नाही का मिळत नाही?”

“सर, तक्ता बघा ना. तारा आहे आमचा.”

शहाजीराव बाहेर आले. एका मनस्वीचं कार्ड गेलं म्हणून ते निघाले होते. सबंध मजल्यावर एकाही मुलाकडे ‘नको’ म्हणायला काही उरलं नव्हतं. बाकीच्यांनी ते सोसलं, म्हणून ते आनंदी ठरले. एकटीनं दात वापरले, म्हणून तिच्यासाठी कडी बसत होती.

ड्रिल थांबलं होतं. सुतारानं कडी एकदा सरकवून पाहिली. ती अगदी गुळगुळीत सरकली.

“झालं, मॅडम,” तो म्हणाला.

६

सभेला क्षिप्रा मॅडम, राजेश्वरी मॅडम, रावसाहेब आणि शहाजीराव. टेबलावर सामोसे. राजेश्वरी मॅडमनी बशा एका रेषेत आणल्या. शहाजीरावांच्या आग्रहामुळे सोनम, सगुणाबाई आणि मनस्वीही आत होत्या. नियमात हे बसतं का, यावर थोडी चर्चा झाली आणि ज्याच्याबद्दल ठरवायचं त्यानं हजर राहू नये असं कुठे लिहिलेलं सापडलं नाही. दारात कुंदन उभा होता, यार्डाच्या कपड्यांतच. सही लवकर करून मोकळं व्हावं, म्हणून त्यानं पेन हातातच धरलं होतं.

“सहीच्या आधी कार्डाचं बघू,” शहाजीराव म्हणाले. “चोर मोठा आहे, नीटनेटका आहे, हे मनस्वीनंच दाखवलं. ती जागा राखते, बुजवत नाही. आता मोठ्यांत कोण? दुसऱ्यांदा कार्ड गेलं तेव्हा क्षिप्रा मॅडम पुण्यात. तिसऱ्यांदा गेलं तेव्हा सोनम रजेवर. घरच्यांना बाकाच्या पुढे जाता येत नाही. रावसाहेब टकलाला जपतात. दुसऱ्या ताया आपली खोली सोडून येत नाहीत, आणि कार्डं तर सगळ्याच खोल्यांतली गेलीत.”

“सगळ्या?” क्षिप्रा मॅडम उभ्या राहिल्या. “काय बोलताय तुम्ही?”

“तुमच्या मजल्यावर एकही लाल तळहात नाही, मॅडम. परिषदेला जायच्या आधी पट्ट्या बघायच्या होत्या.”

क्षिप्रा मॅडम खाली बसल्या.

“सगळ्या खोल्यांत जाणारं, जाईल तिथं चौकटी सरळ करणारं माणूस एकच. पण नीटनेटकेपणा हा काही गुन्हा नव्हे. म्हणून साक्षीदार हवा.” ते सोनमकडे वळले. “पोरे, कार्डाच्या पाठीला काय असतं?”

“आकडे असतात, सर. बारीक.”

“तुझ्या एप्रनला चिकटतात?”

“प्लॅस्टिकला नाही चिकटत. लोकरीला चिकटतील.”

“रानातनं चालताना धोतराला कुसळं लागायची आमच्याकडं. ओढली की धागा उसवायचा.” शहाजीरावांनी मान खाली घातली. “साक्षीदार केव्हाची सांगतेय आणि आपण तिला वेड ठरवून ते कमी करायचं ध्येय घेतलंय. सोड तिला, सोनम.”

सोनमनं हात सोडला. मनस्वी टेबलाला वळसा घालून गेली. राजेश्वरी मॅडमच्या खिशावर तिनं तळहात ठेवला.

“नाही, बाळा,” राजेश्वरी मॅडम म्हणाल्या. पण पाठीमागे भिंत होती.

मनस्वीनं खिशात हात घातला. चर्र. त्या थंडगार खोलीत तो आवाज कापड फाडल्यासारखा आला. लाल तळहात. तिनं परत हात घातला. चर्र. आणखी एक. चर्र. चर्र. टेबलावर सामोशांच्या शेजारी लाल हातांची रास पडत गेली आणि सगळे हात वर करून उभे असल्यासारखे दिसत राहिले.

“टाकून का नाही दिली?” शेवटी क्षिप्रा मॅडमनी विचारलं.

“टाकू?” राजेश्वरी मॅडम दुखावल्या. “ती संस्थेची मालमत्ता आहे. एकही कार्ड मी इमारतीबाहेर नेलेलं नाही, स्वेटरही रात्री इथेच असतो.” मग त्यांचा आवाज हलला. “परीक्षक विचारणार, मुलं दिवसातून इतक्यांदा ‘थांब’ का म्हणतात? जिथे मुलांना थांब म्हणावंसंच वाटत नाही, ते केंद्र सर्वांत नीतिमान. हे समितीनंच ठरवलं होतं. मी फक्त आकडा त्याच्या जागी आणला. कुणी रडलं नाही. एकही मूल रडलं नाही.”

“ते रडतायत, मॅडम,” शहाजीराव हळू म्हणाले. “जाऊन बघा. फक्त आवाज काढायचा सोडलाय त्यांनी.”

राजेश्वरी मॅडमनी रास बघितली आणि सवयीनं तिच्या कडा जुळवायला हात पुढे केला. मग तो मागे घेतला. “माझ्यावरच्या कारवाईचा ठराव मीच लिहून देते,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडून कलमं चुकतील.” त्या स्वेटर काढून बाहेर गेल्या.

क्षिप्रा मॅडम उठून दाराशी गेल्या. मग त्यांनी सुताराला हाक मारली. “कडी काढा.”

“आत्ताच लावली ना? भोकं राहतील दाराला.”

“राहू देत. दिसू देत.”

दारात कुंदननं पेनाचं टोपण लावलं. “आये, मी सही करनार होतो गं,” तो म्हणाला.

“ठाव हाय,” सगुणाबाई म्हणाल्या. “पेन खिशात ठेव आनि सामोसा खा. कालपासना उपाशी हाय.”

“पण मग आता मोजायचं काय आम्ही?” क्षिप्रा मॅडमनी कुणालाच न उद्देशून विचारलं. “काहीतरी मोजावं लागेलच ना?”

“मोजा की,” शहाजीराव म्हणाले. “पण आपण माल तपासत बसलो. काटा तपासला पाहिजे. पोरानं कार्ड किती वेळा दिलं, त्याला तारा नको. दिल्यावर आपण थांबलो का, एवढं लिहा. आणि ते लिहायला रोज वेगळा माणूस ठेवा. स्वतःचा काटा स्वतः तपासणारा दुकानदार मी आजवर बघितला नाही.”

क्षिप्रा मॅडमनी मान हलवली. सोनम बाहेर जाऊन तक्ता उतरवून घेऊन आली. प्रकरण खरं म्हणजे इथेच मिटलं होतं. पण शहाजीरावांना इतक्या वर्षांत एवढा श्रोतृवर्ग मिळाला नव्हता. ते उभे राहिले, चष्मा काढला आणि भिंतीवरच्या सोनेरी वाक्याच्या दिशेनं हात केला.

“मंडळी, नीती म्हणजे काय? नीती भिंतीवर नसते, नियमावलीत नसते, अधिकाऱ्याच्या खिशात तर नसतेच नसते. नीती ही माणसाच्या अंतःकरणात तेवणारी एक—”

त्यांच्या हाताला काहीतरी लागलं. मनस्वी शेजारी उभी होती. राशीतलं एक कार्ड उचलून तिनं त्यांच्या तळव्यात ठेवलं होतं आणि ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती.

लाल तळहात.

शहाजीरावांनी तोंड मिटलं. वाक्य अर्धंच राहिलं आणि ते खाली बसले.

मनस्वी अजून बघत होती. हे खरंच झालं का, याची खात्री करून घेत होती. मग तिनं कार्ड त्यांच्या हातातून परत घेतलं, मुठीत धरलं आणि आजीच्या मांडीवर जाऊन टेकली. मनगट तोंडाजवळ गेलं नाही.

एवढ्या वेळात पहिल्यांदाच रावसाहेब खुर्चीत पुढे झुकले. त्यांनी आधी शहाजीरावांकडे, मग त्या राशीकडे पाहिलं आणि सोनमच्या कानाशी लागून हळूच म्हणाले,

“ताई, असलं एक मला पण बनवून द्या ना. मीटिंगला येताना आणत जाईन.”